व्हर्लिनची गाजलेली गाणी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा व्हर्लिन स्टोबॉ हा माणूस आयुष्यात एकाच दुपारी काही कामाचं करून गेला आणि बाकीचा जन्म त्याने ती दुपार सांगण्यात घालवला. मी काही फार शिकलेली नाही, आठवीतून उठवून मला कापूस वेचायला धाडलं होतं. पण एकदा जेवून जन्मभर ढेकर देत बसणारा माणूस मला ओळखता येतो.

ती दुपार अशी. तरुणपणी तो मेम्फिसमध्ये सोड्याच्या बाटल्यांची गाडी चालवायचा. एका स्टुडिओत बाटल्या उतरवत होता, तेव्हा आत लँटर्न क्रीक नावाची चारपाच पोरं गाणं रेकॉर्ड करायला बसली होती. त्यांना तेव्हा काळं कुत्रंही विचारत नव्हतं. त्यांच्या गिटारवाल्याने आदल्या रात्री शिळे शिंपले खाल्ले होते, तो संडासातून बाहेर येईना. व्हर्लिन म्हणाला, मी वाजवू का? त्यांनी वाजवू दिलं. होडीवाल्याचं गाणं होतं. बदल्यात त्याला एक हॅमचं सँडविच मिळालं. पुढे ती पोरं एवढी गाजली की आमच्या आर्कान्सातल्या प्रत्येक ट्रकमध्ये तेच सुरू. व्हर्लिनचं नाव मात्र कुठे छापलं गेलं नाही.

हे सगळं त्याच्या तोंडचं. आमच्या पायनी ग्रोव्ह गावातल्या निम्म्या लोकांना ते खोटं वाटायचं, उरलेल्या निम्म्यांना त्याचा कंटाळा आला होता. मला दोन्ही. खरं मानणारी एकच, माझी बहीण ओलेटा. लग्नाआधी तो आमच्या ओसरीवर येऊन तिच्यासाठी वाजवायचा. लहानपणी गवताच्या यंत्रात सापडून त्याची डावी करंगळी वाकडी झालेली, त्यामुळे एका ठिकाणी सूर वेळेवर पोचायचाच नाही, मागून धापा टाकत यायचा. मी आतून भांडी आपटायची. ओलेटाला मात्र नेमकं तेच आवडायचं. लग्न झालं, गिटार विकली गेली, आणि वाजवणारा गेला तो गेलाच. घरात उरला तो सांगणारा.

मग त्याला ती कॅसेट मिळाली. हायवेवरच्या पेट्रोलपंपाच्या दुकानात, सुक्या मांसाच्या पाकिटांशेजारी एक गोल फिरणारी मांडणी असते, तिच्यावरून त्याने ती उचलली. ‘लँटर्न क्रीकची सर्वांत गाजलेली गाणी’. त्या दिवसापासून हॉइटच्या पेंडीच्या दुकानासमोर व्हर्लिनचा पिकअप ट्रक उभा, दोन्ही दारं सताड उघडी, आणि आत देव बसावा तसा हा. होडीवाल्याचं गाणं आलं की हात वर करायचा.

“गप्प रे सगळे! आता मी येतो.”

गिटार वाजायची. व्हर्लिनचे डोळे भरून यायचे. स्वतःच्याच प्रेमात इतका ओला झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग कुणी फिरता विक्रेता त्याला कॉफी पाजायचा, आणि हा कॅसेट मागे फिरवून पुन्हा तेच लावायचा.

ओलेटा तेव्हा कोंबड्यांच्या कारखान्यात पंख कापायच्या रांगेत उभी असायची. सकाळी उठली की तिची बोटं मिटायची नाहीत. गरम पाण्यात बुडवून एकेक बोट वाकवायची आणि मग कामावर जायची. घरात येणारा पैसा तेवढाच.

त्या वसंतात तिच्या मुलीचा, रोवेनाचा, तुल्साहून फोन आला. तिच्या मुलाच्या शाळेत स्वयंपाकघरात जागा रिकामी होती. बसून भाज्या चिरायच्या, उन्हाळ्यात सुट्टी. घरामागे एक खोली होती, दोघांनी यावं. पण शाळेला सोमवारपर्यंत हो की नाही ते हवं होतं.

ओलेटाने मला विचारलं. मी म्हटलं, “विचारतेस काय? बॅग भर.”

“व्हर्लिन नाही म्हणतो.”

“का? तुल्सात ट्रक उभा करायला जागा नाही?”

ती हसली नाही. “तो म्हणतो, इथे मी कुणीतरी आहे, तिथे मी लेकीच्या घरचा म्हातारा. त्याचंही खरंच आहे ना, ऑपल. त्याने खरंच वाजवलंय. तेवढं एकच तर आहे त्याच्याजवळ. ते सोडून ये असं कसं सांगू मी?”

“आणि तुझ्याजवळ काय आहे? दहा बोटं. तीही आता कामातून गेली.”

थांबायचं असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्याच रविवारी आमचा डेकोरेशनचा दिवस होता. सगळी घराणी चर्चमागच्या टेकडीवर आपापल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत काढतात, फुलं ठेवतात, आणि मग झाडाखाली लांब टेबलं मांडून जेवतात. तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड, मसाला भरलेली अंडी, आणि गोडाला पीचचा कॉब्लर, वर पिठाचा थर देऊन भाजलेली फळं. व्हर्लिनने एकाही थडग्यावरचं गवत उपटलं नाही. पाठ धरली होती म्हणे. टेबलावर चिकन आल्याबरोबर सुटली.

आमच्या भावाचा मुलगा क्लेटन लिटल रॉकहून आला होता. गुणी पोरगा. जुन्या रेकॉर्ड शोधत भंगाराची दुकानं पालथी घालायचा छंद त्याला. गाडीतून त्याने रेकॉर्ड वाजवायची पेटी काढली, चर्चच्या खिडकीतून लांब वायर ओढून घेतली, आणि सगळ्यांसमोर कागदात गुंडाळलेली एक चपटी वस्तू व्हर्लिनच्या हातात दिली.

“काका, तुमच्यासाठी. लँटर्न क्रीकची पहिलीवहिली रेकॉर्ड. मेम्फिसवाली. कुठे मिळत नाही आता.”

व्हर्लिन उभा राहिला. रुमालाने तोंड पुसलं. “ऐका हो! पोराने माझी रेकॉर्ड आणलीय!”

मुलंबाळं जमली. हॉइट हातात चिकनची तंगडी घेऊन आला. ओलेटा कॉब्लर वाढत होती, ती पळी धरून तशीच उभी राहिली. क्लेटनने सुई ठेवली. थोडी खरखर झाली आणि होडीवाल्याचं गाणं सुरू झालं. कॅसेटपेक्षा सावकाश होतं, जरा ओबडधोबड, कुणी खुर्ची सरकवल्याचा आवाजसुद्धा आत होता. व्हर्लिनने हात वर केला.

गिटार आली. एका ठिकाणी सूर मागे राहिला आणि धापा टाकत येऊन मिळाला.

व्हर्लिनचा हात खाली आला. “हे काय? हा कोण गाढव?”

“तुम्हीच, काका.”

“मी? ह्याचं बोट पोचत नाहीये! गाणं पुढे जातंय आणि हा मागून लंगडत येतोय. वेड लागलंय का तुला? मी कसा वाजवतो ते सगळ्या गावाला पाठ आहे!”

क्लेटन बिचारा घाबरला. हळूच म्हणाला, “काका, तुमची कॅसेट पेट्रोलपंपावरची ना? त्या वेगळ्या असतात. जुन्या रेकॉर्डचे हक्क कंपनीकडे राहतात, म्हणून गाणारा म्हातारपणी तीच गाणी पुन्हा गातो आणि वाजवायला पगारी माणसं घेतो. तुमच्या कॅसेटवर गिटार भलत्याच कुणाची आहे. तुमची ती ही.”

हॉइट म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं तू परक्याच्या वाजवण्यावर रडलास? आणि कॉफी आमची प्यायलास?”

असे हसले लोक. मीसुद्धा हसले, का हसू नये? पण हसता हसता माझ्या ध्यानात आलं की हा माणूस खोटारडा नव्हता. त्याने खरंच वाजवलं होतं. आजवर ओलेटाशिवाय कुणाला पटलं नाही ते आज साऱ्या गावासमोर सिद्ध झालं होतं. नुसतं “अरे हो, हा मीच” एवढंच म्हणायचं होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं.

ओलेटा पुढे आली. डोळे चमकत होते तिचे. “व्हर्लिन, तूच आहेस रे. करंगळी ऐक ना. ओसरीवर अस्संच वाजवायचास तू.”

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. एकदा त्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुला गाण्यातलं काय कळतं? तू कोंबड्या काप.”

आणि ट्रककडे गेला, दारं उघडली आणि कॅसेट मोठ्याने लावली. रेकॉर्डवर तो स्वतः वाजवत होता, आणि ट्रकमधून तो परका पगारी माणूस अगदी वेळेवर, गुळगुळीत वाजवत त्याला बुडवून टाकत होता. व्हर्लिन ओरडला, “हा मी! कान असतील तर ऐका!” थडग्यांतले आमचे बापजादे मेलेले होते ते बरं.

ओलेटाने राहिलेल्यांना कॉब्लर वाढला. कुणाच्या ताटात कमी पडू दिला नाही. पळी धुतली. मग माझ्याजवळ येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाली, “चर्चचा फोन चालतो का गं? रोवेनाला हो सांगून टाकते.”

“आणि व्हर्लिन?”

“खोलीत दोघांची सोय आहे. यायचं असेल तर येईल. मी विचारत बसणार नाही.”

तो आला नाही, येणारही नव्हता. तिला बसवर बसवायला मी गेले. हॉइटच्या दुकानासमोर ट्रक उभाच होता, दारं उघडी. कॉफी पाजणारं आता कुणी नव्हतं, तरी हा आपला हात वर करून बसलेला. बस त्याच्यासमोरून गेली तेव्हा तो कॅसेट मागे फिरवत होता.

ओलेटाने एक बॅग घेतली होती आणि काखेत ती रेकॉर्ड. रोवेनाकडे ती वाजवायला काही नाही हे मला ठाऊक होतं. मी बसस्टँडवर तिला विचारलं, “हे ओझं कशाला नेतेस?”

“इथे ठेवली तर तो फेकून देईल, ऑपल. मग खरा व्हर्लिन कुठेच राहणार नाही, कॅसेटमधला तो परका तेवढा उरेल.”

“उरू दे,” मी म्हटलं. “त्याच्या लायकीचा तोच आहे.”