दुर्बिणीच्या नळीत कुर्र

तुळजापुरावनं आल्यापासनं म्या झोपले न्हाय. पोरगी शेजारी बेस घोरती, आन् म्या तिच्या नाकापुढं बोट धरून बसते, वारा लागतोय का बघत. तिकडं तिला नवं नाव पडलंय, आन् त्या नावावर माझा अजून भरोसा बसला न्हाय.

वाचनालयाच्या बाई म्हणल्या, "जागीच हायस तर लिहून काढ. भिंतीवर लावू. मोटारीची वाट बघणारं वाचतील, जाणाऱ्यास्नी उपेग हुईल." माझी शाळा चौथीपातुर. चुकलं तर हसा, पण वाचा.

जायचं ठरलं ते नावासाठीच. माझी पहिली मुलगी चांगल्या नावाची हुती. बाराव्या दिवशी थाटात ठेवलेलं. आठ म्हयन्याची हुन गेली. म्हणून हिचं बारसंच केलं न्हाय. ही आता सात म्हयन्याची, घरात सगळी तिला "ए" म्हणत्यात. सासूबाई म्हणल्या, "देवीच्या पायरीवर धोंडी नाव ठेवू. धोंड्याला कोण नजर लावतंय?" मलाबी पटलं. ओबडधोबड नाव आसलं की वरच्याचं ध्यान जात न्हाय.

गुरुवारी निघालो, शुक्रवारचं दर्शन घ्यायचं म्हणून. मालक ज्वारीच्या राखणीला थांबले. तेर ते धाराशिव रस्ता अजून कच्चाच हाय. लेकुरवाळीनं मागच्या बाकड्यावर अजिबात बसू नये, पोटातलं पाणी डचमळतंय. फडकं जवळ ठिवा, धूळ लई. पोरीचं तिकीट पडलं न्हाय, पण सासूबाईंच्या गाठोड्याचं पडलं. त्या कंडक्टरला म्हणल्या, "निजामाच्या वक्तात गाठोडं फुकट जायचं!" तो म्हणला, "व्हय मावशे, तवा मोटारच नव्हती."

धाराशिवला गाडी बदलायची. तिथली भजी गरम आसतील तरच घ्या. पुढं घाट लागला की हवा गार हुती, म्हणून कुंची हाताशी ठिवा. रस्त्याच्या कडंला हुरडा भाजत हुते. गाडी पाणी प्यायला थांबली तवा पळसाच्या पानावर घेतला.

माझा भाऊ किसनदादा सोलापुरात एका कापडाच्या दुकानात कामाला हाय. तामलवाडीवरनं त्यो आमच्या आधीच तुळजापुरात पोचला हुता. ठरलेलं नाव आमच्या कागदातनं त्येला कळलेलं. भाचीला उचलून म्हणला, "काय गं धोंडे! मामा चांदीची वाटी देणार हाय तुला. वर नाव कोरून. पुढच्या बाजारी सोनाराकडं टाकतो." दुकानाला सुट्टी नव्हती, म्हणून चा पिऊन माघारी गेला.

उतरायला आमच्या घराण्याच्या पुजाऱ्याकडं गेलो. हॉटेल शोधू नका, आपापला पुजारी गाठा. जेवण, झोपायला जागा, दर्शनाची सोय, सगळं घरच्यावानी हुतं. पुजारीणकाकूंनी भाकरी, पातीचं पिठलं आन् लसणाची चटणी वाढली. वाढता वाढता म्हणल्या, "आज अवस. बरी सापडली तुमाला."

माझ्या हातातला घास खाली पडला. अवसेला तान्ही पोर घेऊन आले म्या! सासूबाईंकडं बघितलं, तर त्या चटणी मागत हुत्या. म्हणल्या, "म्या वार बघितला. तिथी बघायची राहिली."

काकूंचा थोरला ल्योक हायस्कुलात गुरुजी हाय. त्याला मात्र अवसेचा आनंद. पत्र्याच्या नळीची मोठी दुर्बीण त्यानं माळवदावर नेऊन ठिवली हुती. दिवेलागण हुन गेल्यावर हाक मारली, "या सगळ्या वर. चंद्र नाही, आज लांबचं दिसतं."

"पोरगी घेऊन अवसेचं उघड्यावर? म्या न्हाय येत," म्या म्हणले.

"मग पोरगी माज्याकडं दे आन् तू खाली बस," म्हणत पोरगी उचलून सासूबाई जिन्यानं चढल्या सुद्धा. मला मागनं पळावंच लागलं.

गुरुजीनं नळी लावली. आधी काकूंनी बघितलं, मग म्या. एक डोळा झाकून बघायचं. आधी काळंच दिसलं. मग हळूच एक पांढुरका डाग आला. चांदणी नव्हं. पाटीवर खडूचं बोट पुसल्यावानी.

"हा एक तारा नाही वहिनी," गुरुजी म्हणला. "आपली आकाशगंगा म्हणजे एक गाव समजा. हे दुसरं गाव. यात ताऱ्यांची घरं मोजता येत नाहीत इतकी."

"लांब किती?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथला उजेड निघाला तेव्हा माणूस नव्हता झालेला. तो आत्ता पोचतोय तुमच्या डोळ्यात."

सासूबाई वर आभाळाकडं बघत म्हणल्या, "म्हंजी आपण त्येला बघत न्हाय. तेच आपल्याला बघतंय."

म्या पोरीच्या तोंडावर पदर टाकला. गुरुजी हसला, पण मला हसू आलं न्हाय.

"तिथं तुळजापूर आसंल का रं?" काकूंनी ल्योकाला विचारलं.

"असेल आई. पण मोटारीची सोय नाही."

"देवी आसंल तर मोटारबी लागंल एक दिवस," काकू म्हणल्या, आन् त्या डागाला हात जोडले.

गुरुजीनं नळी फिरवून आणिक दोन-तीन डाग दावले. नावं पुसली तर म्हणला, पहिल्याचं नाव देवयानी, बाकीच्यांस्नी पुस्तकात नुसते नंबर.

"नंबर?" सासूबाई तडकल्या. "एवढं मोठं गाव, आन् त्येला मोटारीवानी नंबर? आमच्या म्हशीला बी नाव हाय!"

मग काय, बारशाचा घाटच घातला. एकाला काकूंनी 'ताकाचा शितोडा' म्हणलं. दुसरा कापूस बाहेर आलेल्या गोधडीवानी वाकडा पसरलेला, त्येचं 'फुटलं धुकटं' झालं. मलाबी भीती विसरून 'बाळंतिणीचा धूर' सुचलं, शेगडीवर ओवा टाकल्यावर उठतो तसा. गुरुजी हसत म्हणला, "आता मी वर्गात हीच नावं सांगणार."

शेवटचा डाग सासूबाईंचा. मधी फुगीर, दोन्ही कडंला निमुळता. पोरगी कडेवर घेऊन त्या नळीला डोळा लावून उभ्या. लई वेळ बघितलं. मग म्हणल्या, "ही तर कवडी. आईच्या माळंतली तुटून वर गेलेली. थांबा, नाव ठिवायचं तर रीतीनं ठेवू."

आन् बारशाला आत्या बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगती, तसं त्या नळीला तोंड लावायला वाकल्या. पण त्यांच्या तोंडाच्या आन् नळीच्या मधी पोरीचं डोस्कं आलं. "कुर्रर्र... कवडी!"

पोरगी दचकली, आन् खदाखदा हसली.

काकूंनी गालावर हात मारला. "अगं बया! आजीबाई, कान पोरीचा हुता!"

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "माघारी घेता येतंय का?"

"कानात गेलेलं कसलं माघारी येतंय," काकू म्हणल्या.

"मी साक्ष देतो, आवाज नळीतही गेला," गुरुजी म्हणला. "दोघींचं एकच नाव धरा."

धोंडी ठेवायला आलो, आन् अवसेच्या अंधारात पोरीच्या कानात भलतंच नाव पडलं. ते चांगलं म्हणावं का वाईट, तेबी कळंना. कवडीमोल म्हणावं तर कुणी ढुंकून बघणार न्हाय, हे बेस. पण कवडीची माळ तर देवीच्या भक्ताच्या गळ्यात. मग ते चांगलंच नाव झालं की! आन् चांगल्या नावाचं काय हुतं ते म्या एकदा बघितलंय.

सकाळी दर्शनाला लौकर जावा, पायऱ्या ओल्या आसत्यात, पोर सांभाळून उतरा. गर्दीत देवी निमिषभर दिसली. म्या तिला काय बी मागितलं न्हाय, नुसतं पोरगी वर धरून दावली.

देवळात चिंतामणी हाय, गोल दगड. त्याच्यावर दोन्ही हात ठिवून मनातलं पुसायचं. उजवीकडं वळला तर व्हय, डावीकडं वळला तर न्हाय, हलला न्हाय तर थांबा. म्या हात ठिवले. सासूबाई कानाशी म्हणल्या, "बघ, धोंड्यालाच पुसायला आलो आपण, धोंडी नगं म्हणून. रागवायचा."

म्या पुसलं, "कवडीच ऱ्हाऊ द्यू का?"

पहिल्यांदा जागचा हलला न्हाय. म्या हात पदराला पुसून पुन्हा ठिवले. मग सरकला. उजवीकडं.

"तूच वळवला," सासूबाई म्हणल्या.

"न्हाय, म्या न्हाय वळवला."

आता घरी बसून इचार करते तर वाटतंय, वळवला बी आसंल. पण नगं आसतं तर एवढा जड दगड माझ्या हातानं कशाला हलला आसता?

संध्याकाळपातुर तेरला आलो. मालकास्नी सगळं सांगितलं. ते म्हणले, "कवडीमोल झाली की माझी लेक!" सासूबाई म्हणल्या, "मोल न्हाय म्हणून कुणी नेणार न्हाय, आन् आईच्या गळ्यातली म्हणून कुणी तोडणार न्हाय. खा भाकरी." त्या जेवून झोपल्याबी.

जाऊन काय राहिलं म्हणाल, तर हुरड्याची चव राहिली, आन् तो डाग. चुलीपुढं बसले तरी डोळ्यापुढं येतोय. एवढ्या लांबनं कुणीतरी बघतंय म्हणून आधी भ्याले हुते. आता वाटतंय, त्येच्या नावाची एक हितं हाय, तर वळखीचंच बघतंय. पर ही सगळी दिवसाची हुशारी. रात पडली की पुन्हा नाकापुढं बोट.

आन् त्यात दादाच्या वाटीची फिकीर. सोनारानं धोंडी कोरलं तर पोरीला दोन नावं हुतील. एक कानात, एक चांदीत. दोन नावं म्हंजी घराला दोन दारं. म्या एकटी कुठल्या दाराशी बसू?

कागद पोचायला दिवस लागत्यात, आन् बाजार जवळ आलाय. तवा हे वाचणारं जे कुणी धाराशिवला निघालं आसंल त्येनी मोठ्या पोष्टातनं माझ्या दादाला फोन लावावा. त्येच्या सेठच्या दुकानात फोन हाय, दुकान कुठलं ते बाई सांगतील. म्हणावं, किसनदादा, वाटीवर कवडी घाल, धोंडी नगं. त्यो खोदून पुसंल, कवडी कुठनं आली. म्हणा, लई लांबनं. आन् भाची कशी हाय पुसलं, तर जोरात "ब्येस हाय" म्हणा, फोनवर त्येला कमी ऐकू येतंय. पण पोष्टात जायच्या आधी आमच्या घरावरनं जावा, आन् एकदा तिला बघून घ्या, म्हंजी खरं बोलाल.