दुधाचं जीन आणि मोर्शीची सोयरीक

"मॅडम, तुमच्या त्या दुधापायी माया पोरीचं लगन मोडून राह्यलं."

सुखदेवराव खड्ड्याच्या काठावर उभे होते. मी खाली गुडघ्यांवर बसून एका मांडीच्या हाडावरची माती ब्रशने झाडत होते. मला आधी वाटलं, दूधवाल्याशी काही भांडण झालं असेल. पण वर पाहिलं तर त्यांचा चेहरा पार उतरला होता.

जागा नांदगाव खंडेश्वरजवळची. काळ्याभोर शेतांच्या मधोमध राखेच्या रंगाचं एक टेकाड. पूर्वी माणसं राहून गेली की जमीन अशी दिसते, म्हणून गावात तिला पांढरीच म्हणतात. ती होती सुखदेवरावांच्या शेतात. कपाशी लागोपाठ दगा देत होती, तरी त्यांनी तेवढा तुकडा न पेरता आम्हाला खणायला दिला. तसल्या वर्षात हाताशी असलेली जमीन कोण सोडतं? ह्या माणसानं सोडली. त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

मी हाडांची अभ्यासक. उत्खननात निघालेल्या सांगाड्यांवरून ती माणसं काय खात होती, कशानं आजारी पडत होती, हे शोधणं माझी नोकरी. इथली हाडं चांगली दणकट होती. आमच्या प्रोजेक्टचा प्रश्न होता, हे लोक दूध पचवत होते का?

हे जरा सांगायला हवं. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचवणारा रस तान्ह्या बाळाच्या पोटात भरपूर असतो. मोठेपणी बहुतेकांचा तो आटतो. काहींच्या जीनमध्ये मात्र एक लहानसा बदल असतो, त्यांना तो जन्मभर पुरतो. बाकीच्यांनी पेलाभर दूध घेतलं की पोट गुडगुडतं. ताकाचा तेवढा त्रास होत नाही, कारण विरजणानं त्यातली काही साखर आधीच संपवलेली असते. म्हणजे दूध पचत नाही म्हणून हाडं कच्ची, असं सरळ गणित नाही. ज्वारी, पालेभाजी, ऊन आणि अंगमेहनत, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

आपल्याकडच्या उष्णतेत जुन्या हाडांमधला डीएनए फारसा टिकत नाही. आमच्या हाडांमधूनही काही हाती लागलं नाही. मग निदान आजच्या माणसांत काय दिसतं ते पाहावं, म्हणून गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुने घ्यायचं ठरलं. पण तेव्हा सरकारी योजनेतून गाई-म्हशी वाटल्या जात होत्या, आणि आम्ही दारोदार दुधाबद्दल विचारत फिरत होतो. त्यामुळे लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जर्सी देता का मुऱ्हा म्हैस?" काहीच देत नाही म्हटल्यावर कोणी तोंड उघडेना. अक्षरशः.

तोंड उघडलं ते सुखदेवरावांच्या लेकीनं, वैशालीनं. अमरावतीला बी.ए. करत होती, सुट्टीत आमच्याकडे हाडं साफ करायला यायची. "माया घ्या पह्यले," म्हणाली. तिच्यामागून सगळ्या बाया आल्या. ती नसती तर आमचा प्रोजेक्ट तिथेच बसला असता.

रिपोर्ट आला, तो मी तिला एकटीला समजावून सांगितला. ती खळखळून हसली. मग एका मावसबहिणीच्या डोहाळजेवणात, बासुंदीची वाटी बाजूला सारताना तिनं गमतीत सांगितलं, "मले नको व माय. माया अंगात दुधाचं जीन नाई म्हणे."

डोहाळजेवणात! तिथे वैशालीच्या होणाऱ्या सासरची, मोर्शीची, कोणी नातलग बसली होती. मोर्शीला पोचेपर्यंत वाक्यातलं जीन वाटेत कुठेतरी गळून पडलं. उरलं एवढंच की पोरीच्या अंगात दूध नाही. आपल्या भाषेत बाईच्या अंगच्या दुधाचा अर्थ एकच होतो.

मोर्शीहून निरोप आला होता, "पोरगी चांगली हाये. पन नातवाले पाजाचं काय?"

"मी जाते," मी सुखदेवरावांना म्हटलं.

गाडीत बसताना वैशाली खिडकीशी आली. डोळे सुजलेले. नवरदेव तिला मनापासून आवडला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "मॅडम," ती म्हणाली, "तिथं इंग्रजी नका बोलू."

मोर्शीला संत्र्याच्या बागेतलं घर. नवरदेवाची आई गोदाबाई, उंचपुरी, आवाज खणखणीत. कोण, कुठून आले ते कळल्यावरही तिनं आधी पाहुणचार पाहिला.

"चा घेता का दूध?"

"कोरा चहा चालेल. मला दूध पचत नाही."

"तुमाले बी?"

"हो. माझीही तपासणी झाली आहे. वैशालीसारखीच निघाली."

"लेकरं?"

"दोन मुली."

"वरचं दूध पाजलं?"

माझा जन्म अकोल्याचा. पुण्याच्या नोकरीत बोलणं धुऊन निघालं होतं, पण त्या क्षणी आईची भाषा आपोआप तोंडात आली. "नाई व बाई. दोघीले बी अंगावरच पाजलं."

गोठ्यात एक कपिला रवंथ करत होती. मी विचारलं, "तुमची गाय दूध पेते का?"

"गाय काहून दूध पेईन? वासरू पेते."

"मंग तिले दूध येते का नाई?"

गोदाबाईनं गाईकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून अशी हसली की आतून मंडळी बाहेर आली. "बाप्पा! आन् आमी सोयरीक मोडाले निंगालो!" तिथल्या तिथे तिनं सुखदेवरावांना फोन लावायला सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तो कोरा चहा दोनदा मागून घेतला.

निघताना ती म्हणाली, "मले बी दूध पेलं का पोट ढवळते. तपासा ना माह्यं."

मी नमुना घेतला. नुसत्या पोट ढवळण्यावरून काही सांगता येत नाही, हेही बजावलं.

लग्न थाटात झालं. गोदाबाईचा रिपोर्ट त्यानंतर आला. तिच्यातही तो बदल नव्हता. मी सांगायला गेले तेव्हा सासू-सुना ओसरीवर बसून मठ्ठा पीत होत्या. ऐकून गोदाबाईनं वैशालीच्या पाठीवर थाप मारली.

"पाहा, मी म्हनतच होतो. सून माह्यावर गेली!"

त्यानंतर मी कोणाच्या अंगात काय आहे आणि काय नाही, हे सांगताना आधी गाय दाखवते.