शब्बीरभाईंचा रकाना

शब्बीरभाईंना फोन नंबर नुसता लिहिलेला चालायचाच नाही. अंबाजोगाईत त्यांचा फळांचा गाडा. मोसंबी तोलता तोलता रक्तदाते जमवायचे हा बिनपगारी उद्योग. यादी मी संगणकावर ठेवायचो, मजकूर ते सांगायचे. नंबरच्याच रकान्यात शेरा हवा: ‘कानानं कमी, दोनदा लावा’, ‘बायको उचलती, आदी नाव सांगा’.

“शब्बीरभाई, हा नंबरचा रकाना आहे, गप्पांचा नाही.”

“असू द्या सर. माणूस घावला पायजे.”

मी संगणकाचे वर्ग घेणारा. असला पसारा मला बघवेना. रेजेक्स नावाची खुणांची भाषा असते. तिच्यातली एक ओळ कुठूनशी उतरवून घेतली: आकडा नसेल ते सगळं पुसून टाक. यादीवर चालवली. रकाने चकाचक! जुनी प्रत ठेवायचं मात्र सुचलं नाही.

चारच दिवसांनी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त लागलं. त्या गटाचा आमच्याकडे एकच दाता, धर्मापुरीचा. त्याच्या रकान्यात वीस आकडे. मी बघतच राहिलो. वीस आकडी नंबर असतो तरी कुठं? पहिले दहा लावले, फोन बंद. उरलेले दहा लावले, तर “पिठाची गिरणी, बोला!” मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. बाळंतिणीचा नवरा माझ्या तोंडाकडे पाहत उभा. धावत गाड्यावर गेलो.

“गिरणीवाला? आन् तुमी ठिवला?” शब्बीरभाई ओरडले. “अवो, त्येचा फोन कायम बंद असतो. शेजारचा गिरणीवाला हाक मारतो त्येला. दोनी नंबर सांगून लिवाया लावलतं की मी!”

दाता तासाभरात आला. बाळंतीण वाचली. शब्बीरभाईंनी मला एक मोसंबी सोलून दिली, “लई घाबरलात, खा,” आणि पुढचे तीन दिवस अख्ख्या यादीचे शेरे तोंडपाठ सांगितले. एवढं त्यांच्या डोक्यात कसं राहायचं, मला आजही उमगलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. यादीत पहिलं नाव त्यांचंच: नंबर, पुढे ‘कधीबी लावा’. ही ओळ पुसावी की ठेवावी, कळेना. परवा रक्त हवं होतं, सवयीनं बोटांनी तोच नंबर लावला. लक्षात आलं तेव्हा पलीकडे घंटा वाजत होती. त्यांच्या मुलीनं उचलला.

“बोला सर,” ती म्हणाली, “कोणता गट पायजे?”

त्या दिवशी ‘कधीबी लावा’च्या पुढे मी लिहिलं: ‘मुलगी उचलती.’