नाली पाहणारे पुंडलिकजी

पुंडलिकजी गवंडी आमच्याकडे नाली मोकळी करायला येत, तेव्हा पहिला अर्धा तास नालीकडे ढुंकूनही पाहत नसत. ते माणसं पाहत. ओसरीवर बसून घरातल्या एकेकाला वेगळं बोलावत आणि सगळ्यांना एकच विचारत, "सकाळपासून काय काय ओतलं?" सासूबाईंनी सांगितलेलं माझ्याशी ताडून बघत आणि मी सांगितलेलं सासूबाईंशी. कुणी काही शपथेवर सांगायला लागलं की मान हलवत, "पाह्यल्याबिगर मानत नसतो मी." चहात साखर घातली आहे म्हटलं, तरी आधी बोट बुडवून चाखतील असा माणूस. मला त्यांचा भारी राग यायचा. त्याला कारण होतं, आणि ते माझ्याच पोटात दडवलेलं होतं.

मी उमरेडहून लग्न होऊन नागपुरात महाल भागातल्या या घरी आले, तेव्हा लढाईचे दिवस होते आणि तांदूळ सहज मिळत नव्हता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीत कारकून. चालताना धोतर कडकड वाजलं नाही तर त्यांना कचेरीत गेल्यासारखं वाटत नसे. धोतरं कडक करायला तांदळाच्या मांडाची खळ द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते काही केल्या जमेना. खळ शिजवली की गुठळ्या व्हायच्या. सासूबाईंना दिसलं तर 'तांदूळ नासला' म्हणून घर डोक्यावर घेतील, या धाकानं मी गुठळ्या न्हाणीच्या नालीत लोटायची आणि वरून बादलीभर पाणी सोडायची. एकदा गाळायची चिंधीही गुठळ्यांबरोबर आत गेली.

आठवड्याभरानं धुणं धुताना नाली उलटली. साबणाचं पाणी न्हाणीतून वर येऊन थेट स्वयंपाकघरात शिरलं. पुंडलिकजींना बोलावून आणलं, पण मामंजींनी क्षणभरही विचार केला नाही. आमच्या मागच्या खोलीत सगुणाबाई भाड्यानं राहायची. विधवा बाई, हातमागावर धोतरं विणायची. तिच्या खोलीतलं सांडपाणी त्याच नालीला मिळत असे आणि सूत ताठ व्हावं म्हणून त्याला पाजायला तिच्याकडेही खळ असेच.

"दुसरं कोन? तिचीच खळ!" मामंजी कडाडले. "पुंडलिकजी, तिच्या नालीचं तोंड विटेनं बंद करा. अन् या महिन्यात खोली खाली करायची, सगुणाबाई."

तिचा माग खोलीतल्या जमिनीत खड्डा खणून बसवलेला होता. खोली गेली की माग गेला, आणि माग गेला की पोट. हे घरात सगळ्यांना कळत होतं. तरी खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

पुंडलिकजींनी रिवाजाप्रमाणे मला बोलावलं. "सूनबाई, तुमी काय ओतलं?"

"पाणी."

"निव्वळ पाणी?"

"हो."

ते माझ्या तोंडाकडे इतका वेळ पाहत राहिले की मी उगाचच पदर सावरला.

मग त्यांनी बांबूची कमची नालीत घातली, फिरवली, ओढली. पांढरा, चिकट गोळा बाहेर आला आणि त्यात गुंडाळलेली चिंधी.

"पाह्यलं? खळ! अन् कापड!" मामंजी म्हणाले. "विणकराच्या घरचंच."

"बापूजी, माही खळ जवारीची राहते," सगुणाबाई दारातून कळवळून म्हणाली.

"तू चूप राह्य वं!"

पुंडलिकजींनी गोळा बोटांत चोळला, हुंगला, चिंधी पिळून कमरेला खोचली आणि चुना कालवायला बसले. मामंजी कचेरीचे कपडे घालायला आत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले, तेव्हा सगुणाबाईच्या नालीच्या तोंडाशी वीट बसली होती आणि पुंडलिकजी थापीनं चुना फासत होते. त्यांनी चिंधी काढून माझ्यापुढे धरली.

"मी जातीचा विणकर हाव, सूनबाई. मिलच्या कापडानं माग बंद पाडला म्हनून ही थापी धरली. हे किनार उमरेडची. सगुणा पांढरी धोतरं विनते, असली किनार काढत नाही." मग त्यांनी नुसतं माझ्या पदराकडे पाहिलं. चिंधी ज्या लुगड्याची होती, त्याच्याच जोडीचं लुगडं मी नेसले होते. दोन्ही आईनं दिलेली.

मी पदराची किनार मुठीत लपवली. "तुम्ही मामंजींना सांगणार?"

"नाही."

"काहून?"

"मी तिच्याच बिरादरीचा. मी बोललो तं ते म्हनतील, सगुणेनं फितवलं याले. तुमी बोलान तं मानतील. चुना ओला हाये अजून. वाळायच्या आत पाहा."

मी आत गेले. मामंजी धोतराच्या निऱ्या करत होते. "मामंजी, नालीत मांड मी टाकला. चिंधीही माझीच," एवढंच म्हटलं आणि रडायला लागले.

"तांदूळ?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. पुढे वर्षभर तो तांदूळ त्यांनी मला ऐकवला.

मामंजींनी मात्र हातातल्या निऱ्यांकडे पाहिलं. "म्हंजे माह्याच धोतरानं तुंबली?" सगुणाबाईची माफी त्यांनी मागितली नाही. परसात येऊन दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "काढा ते वीट. अन् सगुणाबाई, राह्य इथंच." दुसऱ्या दिवसापासून ते बिनखळीचं धोतर नेसायला लागले.

पुंडलिकजींनी दोन बोटांनी वीट ओढली, ती अलगद हातात आली. चुना नुसता वरून फासलेला होता, आत कोरडं. मी म्हटलं, "मी बोलेन हा भरोसा होता तुम्हाला?"

"अजाबात नाही," ते वीट झटकत म्हणाले. "तुमी बोलनार नाही असंच वाटून राह्यलं होतं. म्हनून तं अशी लावली. संध्याकाळी मीच लाथ मारून पाडनार होतो."

त्यानंतर बरीच वर्षं ते येत राहिले. दर खेपेला तीच चौकशी, तोच संशय. मी 'नाली साफ आहे' म्हणायची आणि ते गुडघ्यांवर हात देऊन वाकायचे, आत डोकावायचे, मग मानायचे.

एका हिवाळ्यात काठी टेकत आले. ओसरीवर बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते.

"नाली साफ हाये, सूनबाई?"

"हो, साफ आहे."

मी त्यांना उठवायला हात पुढे केला. ते उठले नाहीत. "मंग ठीक हाये," म्हणाले आणि चहा मागितला. मी दिलेला चहा बोट न बुडवता प्याले आणि गेले. त्याच थंडीत ते वारले.

त्या दिवशी ते चहा पिऊन निघून गेल्यावर मी न्हाणीत जाऊन वाकून पाहिलं होतं. नाली खरंच साफ होती.