ओट्यावरचं यंत्र

जमिनीतलं चुंबकत्व आणि किरणोत्सर्ग मोजून मोठमोठ्या प्रदेशांचे नकाशे करणं हे माझं काम. खडकांतून निघणारे किरण मोजायचं हातातलं यंत्र एकदा मी जे. पी. नगरच्या घरी आणलं. निपाणीहून राहायला आलेल्या सासूबाईंना माझं काम दाखवायचं होतं. खरं तर कौतुक करून घ्यायचं होतं. यंत्र स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं आणि आकडे भराभर चढले.

"म्हणजे या दगडातून किरणं निघतात?" त्यांनी विचारलं.

"अगदी थोडी, आई. त्यांनी काही होत नाही. केळ्यातूनसुद्धा निघतात."

"सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या खाली बसून पोळ्या लाटू लागल्या आणि नातवाला केळं देणंही बंद झालं. त्यांचे गुडघे दुखतात, उठताना कपाटाला धरावं लागतं. मी पुन्हा समजावलं, माफी मागितली.

"तू शिकलेली, तुला भीती वाटत नाही. मला वाटते, त्याला काय करू?"

आता पोळ्या मीच लाटते, ओट्यावर. त्या मुकाट्याने खातात. नातवाच्या तेवढ्या वेगळ्या, खाली बसून करतात. तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही.