कांताच्या बोटावरची शाई

मीरा, ओम, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही नाही. आजोबा होते तेव्हा त्यांनाही नाही. आता सांगते, कारण गेल्या रविवारी मीरानं फोनवर विचारलं की, जगभरातून रोग घालवायचे एवढे प्रयत्न चाललेत, औषध घरी आणून फुकट देतात, मग हत्तीपाय तुमच्याकडे अजून का आहे? शाळेत तिला त्यावर लिहायचं होतं. मी म्हटलं, लोक अडाणी आहेत गं, गोळ्या घेत नाहीत. तिनं ते लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मनात आलं, किती सहज बोलले मी ते!

हत्तीपाय डासांमुळे होतो. पाय सुजत जातो आणि मग ती सूज ओसरत नाही. म्हणून नागपुरात दरवर्षी आरोग्य खात्याची आशाताई घरोघरी गोळ्या घेऊन येते. हत्तीपाय असो-नसो, जवळपास सगळ्यांनी घ्यायच्या. ती पट्टीनं उंची मोजते, तेवढ्या गोळ्या हातावर ठेवते, समोर गिळायला लावते आणि घेतल्याची खूण म्हणून बोटाला शाई लावते. ज्याच्या अंगात जंतू आधीच असतात, त्याला नंतर एखाद-दोन दिवस ताप येतो. हे सगळं मला माहीत होतं. माहितीचा कागद मी मराठीत वाचला होता, इंग्रजीतही वाचला होता.

कांतामावशी तुम्हाला आठवते. मौद्याकडची. ओमला पाठीवर घेऊन अंगणभर फिरायची ती. आमच्याकडे पोळ्या, भांडी, झाडू, सगळं तिच्याकडे. एका वर्षी गोळ्या घेतल्यावर ती दोन दिवस तापानं पडून होती. म्हणजे गोळ्यांची गरज तिलाच सगळ्यात जास्त होती. कळत नव्हतं का मला? कळत होतं.

पण पुढच्या वर्षी नेमक्या गोळ्यांच्या आठवड्यात तुम्ही येणार होता — तीन वर्षांनी. फ्रिजवर मी कामांची यादी लावली होती. गाद्या, पडदे, लाडू, प्रत्येकापुढे वार. आणि आशाताई दारात.

"कांताबाई, उभी राहय वं पट्टीजवळ."

"मोज, मोज. यंदा वाढली असंन मी," कांता हसत म्हणाली.

मी मध्येच म्हटलं, तिचं नाव वस्तीच्या यादीत आहे, ती तिकडेच घेईल. आशाताईनं मान डोलावली. माझ्यासारख्या बाईवर कोण अविश्वास दाखवणार?

ती गेल्यावर कांतानं विचारलं, "बाई, काहून नाही घेऊ देल्या मले?"

आणि मी म्हणाले — हे वाक्य लिहायला मला आज दोन कागद फाडावे लागले — मी म्हणाले, तुझी बीपीची गोळी सुरू आहे ना, त्यावर ह्या चालत नाहीत.

कागदावर नेमकं उलट छापलं होतं. बीपी असला तरी घ्या.

"बरं झालं बाई, तुमी शिकल्या-सवरल्या हाय म्हनून. नाही तं मले कोन सांगते?"

एवढ्यावर थांबले असते तरी… पण नाही. वस्तीत तिला कुणी गोळ्या देऊ लागलं तर? शाई दिसली की पुन्हा देत नाहीत. डब्यांवर नावं घालायचा काळा पेन मी आणला, तिचा हात हातात घेतला आणि बोटावर शाईची खूण केली. नीट, आशाताई करते तशी. तिनं लहान मुलीसारखं बोट पुढे धरलं होतं.

पुढची दोन वर्षं तुम्ही आला नाहीत. तरीही मी तेच केलं. कशासाठी? दोन दिवस भांडी कोण घासणार, एवढ्यासाठी.

मग तिचा डावा पाय सुजला.

दवाखान्यात मीच नेलं तिला. डॉक्टर म्हणाले, जंतू जुने असतील, नक्की काही सांगता येत नाही. त्या वाक्याला मी फार दिवस धरून होते. आता थकले. त्या गोळ्यांनी पाय वाचला असता की नाही, मला ठाऊक नाही. तीन वर्षं मी त्या तिच्या तोंडापर्यंत जाऊ दिल्या नाहीत, हे ठाऊक आहे.

यंदा आशाताई आली ती दमून पायरीवरच बसली. "आजी, कांताबाईच्या गल्लीत बाया गोळ्याच नाही घेऊन राहिल्या. बीपीवाल्याईले चालत नाही म्हनतात. कोन्या शिकेल बाईनं सांगतलं म्हने. भेटली पाह्यजे मले एकदा ते!"

मी तिला पाणी दिलं.

कांता अजून येते. पाय लांब करून खाली बसते आणि पोळ्या लाटते. मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं, असं ती आजही मानते. तिच्या गल्लीत माझं ते वाक्य अजून एकीकडून दुसरीकडे जातं आहे.