जाहिराती कापणारे मास्तर

नीर आणि क्षीर वेगळे करणाऱ्या हंसाची स्तुती आपल्या परंपरेने मुक्तकंठाने केली आहे. त्या स्तुतीत एक गोष्ट राहून गेली, असे मला नेहमी वाटते. हंस दूध तेवढे प्याला, हे सगळे सांगतात. पाण्याबरोबर दुधाचा एखादा थेंब मागे राहू नये म्हणून त्याची चोच किती वेळ थबकली असेल, हे कोणी सांगत नाही. विवेक म्हणजे केवळ टाकून देण्याचे सामर्थ्य नव्हे. टाकण्यापूर्वी हात क्षणभर आखडणे, हाही विवेकच. आणि एवढी काळजी घेऊनही चूक होतेच, तेव्हा तिच्याकडे स्वच्छ नजरेने पाहता येणे, हा कदाचित त्याचा सर्वांत दुर्मीळ अंश असावा. हे सारे मी ज्यांच्यात पाहिले, ते व्यवसायाने शिंपी होते.

त्यांना सारी गल्ली मास्तर म्हणत असे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचे घर. लांब लाकडी टेबलावर कापड अंथरून, कानावर पेन्सिल अडकवून ते उभे असत आणि शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, काजेबटणे करीत. दुकानातले मौन मास्तरांचे, संभाषण वहिनींचे. कोट दोनदा उसवावा लागला तरी गिऱ्हाईक हसत घरी जाई, ते वहिनींच्या वाणीमुळे.

ती वाणी एका सकाळी गेली. पक्षाघाताने उजवा हात निर्जीव केला आणि शब्दांच्या भांडारातून एकच शब्द मागे ठेवला : ‘नको’. चहा हवा का विचारले की वहिनी ‘नको’ म्हणत आणि डाव्या हाताने कप ओढून घेत. मुलगी भेटायला आली की ‘नको, नको’ म्हणत तिचा चेहरा कुरवाळत. मुलगी जिन्यात जाऊन डोळे पुशी आणि वर येऊन म्हणे, “आईचा स्वभाव आता कळतोय. इतकी वर्षं सगळ्याला हो म्हणत होती, ती सगळी थकबाकी वसूल करतेय.”

वाचोपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा रुग्णालयात वहिनींना शिकवीत. शब्द कदाचित येतील, असे त्या म्हणत. पण त्याआधी एक प्रश्न होता. समोर घडणाऱ्या गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध वहिनींच्या मनात टिकतो का? काल काय झाले, म्हणून आज काय झाले, हे त्यांना उमगते का? “ते मला बाहेरून सांगता येत नाही, मास्तर,” त्या म्हणाल्या. “ते त्यांनीच कधीतरी दाखवायला हवं.” त्या दिवसापासून मास्तरांच्या जिवाला हा एकच घोर लागला. ही माझ्याकडे बघते, ती मला ओळखून बघते की नुसतीच बघते?

वहिनींची दुपारची एक मालिका होती : हट्टी बाप, त्याहून हट्टी मुलगी आणि दोघांमधला जुना अबोला. आजारानंतरही त्या टीव्हीसमोर बसत. पण जाहिरात आली की गोंधळून जात. बापाच्या मागून मोटार, मोटारीच्या मागून साबण, साबणातून पुन्हा बाप. कोणते कशाचे, हे न कळून त्या भिंतीकडे तोंड फिरवीत.

मग मास्तरांच्या मुलीने टीव्हीला मालिका साठवून ठेवणारा डबा जोडला, आपला जुना संगणक आणून दिला आणि त्यात जाहिराती काढून टाकणारे एक सॉफ्टवेअर बसवले. पडद्यावर साऱ्या भागाची चित्रे एका लांब पट्टीत मांडली जात. नको त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना खूण करायची, तेवढा गळून पडे आणि उरलेले सांधले जाई. मास्तरांनी ती पट्टी पाहिली आणि म्हणाले, “हे तर कापडच आहे.”

ते रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आदल्या दिवशीचा भाग कापू लागले. परंतु अगदी कडेवर कापायला त्यांचा हात धजत नसे. शिवणीच्या कडेला जशी माया, म्हणजे थोडे जादा कापड, सोडावी, तसा प्रत्येक सांध्याशी ते जाहिरातीचा एक निमिष शिल्लक ठेवीत. बापाने मुलीकडे पाठ फिरवली की कुणाचे तरी पांढरेशुभ्र दात लखकन चमकून जात आणि कथा पुढे चाले.

मास्तरांची थोरली बहीण त्या दिवसांत मदतीला येऊन राहिली होती. तिने हा उद्योग पाहून घेतला. “आयुष्यभर लोकांची कापडं कापलीस, आता टीव्ही कापायला घेतलास,” ती म्हणाली. “उद्या माझंही बोलणं मधूनच कापशील.”

“ते जमेल असं सॉफ्टवेअर अजून निघालं नाही, ताई,” मास्तर म्हणाले.

जाहिराती गेल्या, तशा वहिनी भागभर शांत बसू लागल्या. पण शांत बसणे म्हणजे समजणे नव्हे, हे मास्तर जाणून होते. भाग संपला की ते विचारीत, “आवडलं?” उत्तर ठरलेले : “नको.”

त्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप कापण्याचीही सोय होती. जाहिरातीच्या आधी व नंतर पडदा क्षणमात्र काळा होतो, आवाज थांबतो. यंत्र तेवढी खूण धरून मधला भाग काढून टाकी. मास्तर तिच्या वाटेला जात नसत. परंतु एकदा लग्नाचे दोन कोट अंगावर आले, खांदा दुखत होता आणि सकाळ हातची निसटली. त्यांनी यंत्रावर विश्वास टाकला आणि न पाहताच तो भाग दुपारी लावून दिला.

भागाच्या मध्यावर बापाच्या घरातले दिवे गेले. पडदा काळा, आवाज बंद. पुढच्या क्षणी बाप आणि मुलगी एका टेबलाशी बसून हसत होती. ताईंना त्यात काही खटकले नाही. मालिकेत माणसे मरून परत येतात, मग हसायला काय हरकत? मास्तर सुईत दोरा ओवीत होते.

वहिनींनी डावा हात उचलला आणि पडद्याकडे केला.

“मधलं,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सुई खाली ठेवली. “काय गं?”

“बोलत नव्हते.” एक एक शब्द जणू विहिरीतून ओढून काढावा, तसा येत होता. “आता... हसतात. मधलं कुठे गेलं?”

ताई काही बोलू पाहत होत्या. मास्तरांनी त्यांना हातानेच थांबवले आणि संगणकाकडे गेले. कापलेल्या भागाबरोबर मूळ भाग ते सांभाळून ठेवीत. तो काढून त्यांनी लावला. दिवे गेल्यावर अंधारात मेणबत्ती शोधताना बापाचा हात मुलीच्या हातावर पडतो, आणि दोघे प्रथमच बोलतात. त्यानंतर पुन्हा काळोख आणि शांतता. दोन काळोखांमधला तो प्रसंग यंत्राने जाहिरात समजून फेकून दिला होता. वहिनींनी तो सगळा पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

पुढच्या खेपेला त्यांनी वाचोपचारांच्या बाईंना झाले ते जसेच्या तसे सांगितले. “चूक माझी. न बघता दिलं. पण पकडली हिने.” बाईंनी वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले. मग थोडा विचार करून मास्तरांना विचारले, की इतर रुग्णांसाठी असे भाग मुद्दाम करून द्याल का, ज्यांत मधला एखादा प्रसंग नाही? काय हरवले, ते रुग्णाने ओळखायचे.

मास्तरांना ते पटेना. चुकून वाकडे कापले जाणे वेगळे; जाणूनबुजून वाकडे कापायचे, तर इतकी वर्षे शिकलो काय? ते मान हलवीत राहिले.

“करा हो,” वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर नकाराला जागा उरली नाही. मास्तरांनी उरलेल्या आयुष्यात ते काम निष्ठेने केले. कोणता प्रसंग काढला तर उणीव जाणवेल आणि कोणता काढला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, याचा निवाडा वहिनी करीत, मास्तर कापीत. दोघांचे वाद खाली दुकानापर्यंत ऐकू येत. वहिनींचे बोलणे पूर्वीसारखे वाहते झाले नाही, अडखळतच राहिले. पण भांडण्यापुरते ते भरपूर होते. “नको” हा शब्दही आता त्या नको असेल तेव्हाच वापरीत.

मास्तरांना जाऊन आता काही वर्षे झाली. दुकान मुलीने भाड्याने दिले आहे. वाचोपचाराच्या खोलीत त्यांनी कापलेले भाग आजही रुग्णांना दाखवले जातात, आणि नवा रुग्ण आला की वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसतात व त्याच्याशी बोलतात.